पांढरी जागा

नियोजन कार्यालयातल्या नकाशेवाल्याला सगळे 'काटकोन' म्हणत. तो चालायचा तसा आणि बोलायचाही तसाच. त्याच्या हातून सहसा चूक होत नसे. ही एक झाली, तीसुद्धा अगदी नियमाला धरूनच.

त्याच्या थोरल्या बहिणीच्या शेतामागे एक कातळ होता. त्यावर कधीकाळी कुणीतरी हरणांचा कळप कोरून ठेवलेला. ताई त्यावर काटेरी फांद्या पसरून ठेवी. शेजारच्या टेकडीवरचं असंच कोरीव काम चोरांनी छिन्नीनं काढून नेलं, तेव्हा काटकोनानं तिला हा कातळ नोंदवायची गळ घातली.

"ताई, नवं धोरण आलंय. अशी जागा आम्ही ऑफिसातल्या बंद नकाशात राखीव दाखवतो. लोकांच्या नकाशात तिथं नुसतं पांढरं. चोराला पत्ता लागणार नाही."

"चोराचं ठीक आहे रे. शहाण्यांना कोण सांगणार?"

"मी आहे ना!"

ताईनं फांद्या सारून त्याला हरणं दाखवली आणि त्यानं जागा नोंदवली.

पुढं रस्ते विभागानं नेमका लोकांचा नकाशा उचलला. ना घर, ना झाड, ना विहीर, सगळं पांढरं. रस्ता सरळ तिथूनच आखला.

काटकोन धावत साहेबांकडे गेला. "साहेब, त्यांना बंद नकाशा दाखवा."

"मागितला तर दाखवू की."

"पण तिथं काही आहे हेच ठाऊक नाही, तर मागतील कशाला?"

साहेबांनी बराच वेळ चष्मा पुसला. "मुद्दा बिनतोड आहे तुझा," ते म्हणाले आणि चहा मागवला. चहा आल्यावर म्हणाले, "सुनावणीत हरकत घे. मात्र कारण सांगू नकोस. ते गुप्त आहे."

सुनावणीला सभागृह खचाखच भरलं होतं. काटकोन उभा राहिला. "ती जागा रिकामी नाही."

"मग काय आहे तिथं?" रस्त्याच्या इंजिनिअरनं विचारलं.

दुसऱ्या रांगेत जुन्या वस्तूंचा व्यापारी बसला होता. तो जरा पुढं सरकला.

"आहे... काहीतरी."

"भूतबित आहे का हो काका?" मागून कुणीतरी ओरडलं. सभागृह हसलं. काटकोन खाली बसला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

सभा उठल्यावर त्यानं इंजिनिअरला जिन्यात गाठलं आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. माणूस वाईट नव्हता. त्याचा चेहरा उतरला.

"अरेरे! हे आत का नाही बोललात? हरकत नाही असं धरून मंजुरी झाली. आता माझ्या हातात काही नाही हो."

मोजणीच्या दिवशी काटकोन ताईकडे गेला. तिनं फांद्या बाजूला केल्या होत्या आणि ती कातळाच्या कडेला बसली होती. उन्हात हरणं स्पष्ट दिसत होती. एकाची मान मागं वळलेली.

"मी तुला दाखवलं नसतं," ती म्हणाली, "तर हे गुप्त ठरलं नसतं. त्या सभेत मीच ओरडून सांगितलं असतं, नाही?"

कदाचित ओरडली असती. कदाचित तिलाही हसले असते.

मोजणीदार वर चढत आला. त्याच्याबरोबर दुसरं कुणी नव्हतं. हरणांकडे पाहून तो क्षणभर थबकला, मग त्यानं टेप काढली.

"काका, ऑफिसातलेच ना तुम्ही? जरा हे टोक धरता?"

काटकोनानं ताईकडे पाहिलं. ती दुसरीकडे बघत होती. त्यानं टोक धरलं.

"सैल पडतंय," मोजणीदार लांबून ओरडला.

त्यानं ते ताणून धरलं.