डाव्या पायाचा अहवाल

तुर्रियाल्बाहून वर सांताक्रूझ गावाकडे जाणाऱ्या चढावर, चर्चच्या अलीकडच्या दुसऱ्या वळणाला, एलादिओ सेर्दासची नवी कोरी गाडी अचानक बसली. एक्सलरेटर दाबला की इंजिन किंचाळायचं, पण चाकं ढिम्म हलत नव्हती. मग ती हळूच मागे सरकायला लागली आणि मागे दुधाचा टँकर होता. एलादिओने ब्रेक दाबला, हँडब्रेक ओढला आणि बायकोला म्हणाला, "उतर आणि चाकाला दगड लाव."

मारिएलोसने दगड लावला. हात झटकत खिडकीशी आली. "अहो, पेट्रोल संपलं का?"

"गिअरबॉक्स गेला."

"चार महिन्यांत?"

टँकरवाला हॉर्न वाजवत पुढे गेला, तेव्हा एलादिओने मान खाली घातली. याच रस्त्याच्या पायथ्यापासून, तुर्रियाल्बाहून, एकतीस वर्षं त्याने सान होसेची बस चालवली होती आणि कुणाला त्याच्यावर हॉर्न वाजवायची वेळ आली नव्हती.

दोन वर्षांपूर्वी साखरेच्या आजाराने त्याचा डावा पाय नेला होता, गुडघ्याखालून. क्लच दाबायला पाय नाही म्हणजे ड्रायव्हर नाही, असा त्याचा साधा हिशोब. तो पडवीत बसून समोरच्या ज्वालामुखीचा धूर बघायचा, गुळाचं गरम पाणी प्यायचा आणि दिवसाला चार शब्द बोलायचा. मग कुणीतरी ऑटोमॅटिक गाडीचं डोक्यात भरवलं. दोनच पेडल, उजवा पाय पुरतो. लायसनवाल्यांनी चाचणी घेतली, पास केलं. एलादिओने खालचं कुरण विकलं आणि ती उंच, पांढरी गाडी आणली. पहिल्याच दिवशी तो तुर्रियाल्बाच्या बसस्टँडवर गेला. जुने ड्रायव्हर भोवती जमले. "उस्ताद, एका पायावर निघालात, आता आमच्या पोटावर पाय देणार का?" कुणीतरी ओरडलं. घरी येईपर्यंत एलादिओ एकटाच हसत होता.

आणि आता तीच गाडी टोइंग व्हॅनच्या पाठीवर बसून सान होसेला चालली होती.

सर्व्हिस सेंटरमधला ग्रेइविन नावाचा तरुण इंजिनिअर गोड बोलणारा होता. "काका, काळजी करू नका. वॉरंटी आहे." अकरा दिवसांनी त्याने बोलावलं आणि एक कागद पुढे सरकवला. चालकास डावा पाय ब्रेकवर ठेवून उजव्या पायाने एक्सलेटर दाबण्याची सवय असल्याने गिअरबॉक्सच्या आतले क्लच जळाले आहेत, सबब वॉरंटी लागू होत नाही.

एलादिओने कागद दोनदा वाचला. मग तो खुर्चीवर बसला, पँट गुडघ्यापर्यंत वर केली, पट्टे सोडले आणि बुटासकट तो नकली पाय काउंटरच्या काचेवर ठेवला.

"कुठला डावा पाय? हा का?"

रांगेतलं कुणीतरी फिसकन हसलं. ग्रेइविनचे कान लाल झाले. "काका, घाला ना तो... मला ठाऊक नव्हतं. मी वरच्यांशी बोलतो. गुरुवारी या."

दोन दिवस एलादिओ राजा होता. बसस्टँडवर त्याने ती गोष्ट तीनदा सांगितली आणि तिन्ही वेळा लोक पोट धरून हसले.

गुरुवारी नवा अहवाल मिळाला. चालकाच्या कृत्रिम पायास संवेदना नसल्याने तो नकळत ब्रेकवर टेकत असावा.

त्या 'असावा'ने त्याला पोखरलं. ज्या पायाला काही कळतच नाही, तो कुठे होता हे कुणाच्या जिवावर सांगायचं? घरी येऊन त्याने अंगणात खुर्ची मांडली, समोर पेडल म्हणून दोन विटा ठेवल्या, डोळे मिटले आणि पाय इकडून तिकडे करत बसला. मारिएलोस स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती.

"टेकला का?" त्याने विचारलं.

"मला नाही दिसत इथून."

"गाडीत तर शेजारी बसायचीस."

"मी रस्त्याकडे बघायचे. आणि तुमच्या वळणांवर माझा सगळा वेळ देवाचं नाव घेण्यात जायचा."

रविवारी मुलगी आली. योर्लेनी कार्तागोला बँकेत होती, तोलूनमापून बोलायची तिला सवय. "पपा, रागावू नका. गाडी दुरुस्त झाली तरी... त्या रस्त्यावर शाळेची मुलं असतात."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्हालाही खात्री नाहीये ना?"

त्याने ताटातला मक्याचा तामाल तसाच ठेवला आणि उठून गेला.

बस कंपनीच्या गॅरेजमधला म्हातारा मेकॅनिक तोबियास याने मात्र सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. "ब्रेकचे पॅड कसे आहेत?"

"म्हणजे?"

"उस्ताद, चार महिने पाय ब्रेकवर असता तर पॅड आधी खलास झाले असते. जाऊन बघा की."

एलादिओ दुसऱ्याच दिवशी सान होसेला गेला आणि चाक खोलायला लावलं. पॅड नव्यासारखे होते. त्याने ग्रेइविनला हाताला धरून तिथं नेलं. ग्रेइविनने वाकून पाहिलं, सरळ झाला आणि म्हणाला, "काका, ब्रेक माझ्या खात्यात येत नाहीत."

बाहेर बाकावर एक पन्नाशीची बाई बसली होती, पायात गमबूट, हातात तसाच कागद. ती निदिया उमान्या, कोरोनादोकडची गुरांची डॉक्टर. तिचीही तीच गाडी, सहाव्या महिन्यात बसलेली. एका अडलेल्या गाईकडे जाताना वाटेत बसली. गाय गेली, वासरूही गेलं. तिने एलादिओचा पहिला अहवाल मागून घेतला, आपल्याशेजारी धरला आणि बोटाने एक शब्द दाखवला. दोन्हीकडे 'एक्सलरेटर'च्या जागी 'एक्सलेटर'. चूकसुद्धा तीच.

"छापूनच ठेवलाय," ती म्हणाली. "माझे दोन पाय आहेत म्हणून मला पहिलाच पुरला. तुमच्यासाठी बिचाऱ्यांना नवीन लिहावा लागला."

एलादिओ हसला, आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला लाज वाटली, पण बाईने बघितलं न बघितलंसं केलं.

खरेदीच्या करारात तक्रार लवादापुढे न्यायची सोय होती. दोघांनी मिळून अर्ज केला. निदियाच सगळं लिहायची, फोन करायची, तारखा लक्षात ठेवायची. "दोघं आहोत म्हणून ऐकतील," ती म्हणायची. "एकट्याला ते वेडा ठरवतात."

सुनावणीच्या तीन आठवडे आधी ग्रेइविनचा फोन आला. एकटेच या, चांगली बातमी आहे. एलादिओ गेला. शोरूमच्या वरच्या मजल्यावर कॉफी आली, एक टायवाला साहेब आला. कंपनी सद्भावनेने नवा गिअरबॉक्स घालून देणार होती. फक्त एका कागदावर सही हवी होती: तक्रार मागे घेतो, आणि बिघाड माझ्या चालवण्याच्या पद्धतीमुळे झालेला असू शकतो हे मान्य करतो.

"हे कशाला?" त्याने त्या ओळीवर बोट ठेवलं.

"नुसती औपचारिकता, काका," साहेब म्हणाला. "फायलीत राहतं. कोण वाचतंय?"

"आणि डॉक्टरीणबाई?"

"त्यांचं त्यांच्याशी बोलू आम्ही. हे तुमचं आहे. आज सही, शनिवारी गाडी."

एलादिओला पडवी आठवली, ज्वालामुखीचा धूर, दिवसाचे चार शब्द. त्याने सही केली. घरी आल्यावर मारिएलोसला म्हणाला, "गाडी मिळतेय." तिने विचारलं, "कबूल केलं का त्यांनी?" तो म्हणाला, "केलंच म्हणायचं." निदियाला फोन करायचं त्याने उद्यावर टाकलं, मग परवावर.

गाडी खरोखर छान चालायला लागली. चढावर लोण्यातून सुरी जावी तशी जायची. योर्लेनी मात्र आईवडिलांकडे यायची ती बसनेच, आणि स्टँडवर घ्यायला येऊ का विचारलं की म्हणायची, "नको पपा, चालेन मी. तेवढाच व्यायाम."

सुनावणीच्या आदल्या दुपारी निदियाचा फोन आला. तिचा आवाज चढलेला नव्हता, आणि तेच त्याला जास्त लागलं.

"एलादिओ, कंपनीने उद्यासाठी कागद दिलेत. त्यात तुमची सही आहे. सहतक्रारदाराने चालवण्याचा दोष मान्य केलाय, असं लिहिलंय. खरं आहे का?"

तो म्हणाला, "असू शकतो असं होतं. असू शकतो, एवढंच."

"हो. तुम्हाला असा शब्द ठाऊकच आहे, अहवालातला 'असावा'," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

सकाळी तो निदियाला न सांगता सान होसेला गेला. मारिएलोस हट्टाने बरोबर आली. छोट्या खोलीत लवाद म्हणून एक चष्मेवाले वकील बसले होते. एलादिओ उभा राहिला आणि त्याने सगळं सांगितलं: पॅड, 'एक्सलेटर', वरच्या मजल्यावरची कॉफी. बोलताना त्याला वाटलं, आपण नीट बोलतोय. वकिलांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"ही सही तुमची?"

"माझीच."

"जबरदस्ती झाली होती?"

"नाही. मला गाडी हवी होती."

"म्हणजे तेव्हा लिहिलेलं खोटं, की आत्ता बोलताय ते?"

"तेव्हाचं."

"मग खोटं लिहून देणाऱ्या साक्षीदाराचं आज मी किती धरायचं?" वकील अगदी सभ्यपणे म्हणाले. टायवाला साहेब वहीत काहीतरी लिहीत होता. त्याने मान वर केली नाही. सही करून शब्द फिरवला म्हणून कंपनीने पुढे एलादिओवर काही कारवाईही केली नाही. गरजच नव्हती. निदियाचा अर्ज तासाभरात फेटाळला गेला.

जिन्यात त्याने तिला गाठलं. "मी कोरोनादोपर्यंत सोडतो तुम्हाला. तुम्हाला कधीही कुठल्या गोठ्यात जायचं असेल, अर्ध्या हाकेला गाडी घेऊन येईन."

निदियाने त्याच्याकडे बघितलं. राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. "तुम्ही आज आलात ते चांगलं केलंत," ती म्हणाली. "पण तीन आठवड्यांपूर्वी एक फोन केला असतात तर मी दुसरा कुणी शोधला असता. आमच्या भागात अशा अजून चार गाड्या आहेत." आणि गमबूट वाजवत ती जिना उतरून गेली.

खाली गाडीत मारिएलोस बसली होती. "काय झालं?"

"हरल्या त्या."

"आणि तुम्ही?"

एलादिओने गाडी सुरू केली. "मी आधीच हरलो होतो," तो म्हणाला, "फक्त त्यांनी मला त्याबद्दल गाडी दिली." कार्तागो येईपर्यंत मारिएलोस रस्त्याकडे नाही, त्याच्या पायांकडे बघत होती.