सिनेमातलं भाषण

"पुन्हा म्हण बरं," कमळाकरशेठ म्हणाले आणि त्यांनी बायकोला बाहेर बोलावलं.

आनंदा शेठच्या अंगणात उभा होता. एक अख्खं भाषण त्याने नुकतंच म्हणून संपवलं होतं, आणि त्या भाषणाचा परिणाम हा असा झाला होता.

भाषण सिनेमातलं. पनवेलच्या जत्रेत तंबूत तो सिनेमा लागला होता. त्यात शेवटी नायक गिरणीमालकाच्या दारात हात जोडून उभा राहतो, माणसाला माणसासारखं वागवा असं चांगलं घटकाभर ऐकवतो आणि मालक विरघळतो. सिनेमा कसला, शाळेतला धडाच तो. पण मिठागरावरची माणसं जमिनीवर बसून ढसाढसा रडली, आणि पुढे खुर्चीत त्यांचे मालक कमळाकरशेठ उपरण्याने डोळे पुसत होते. आनंदाने ते स्वतः पाहिलं आणि तिथेच बिचारा फसला.

बळीराम त्याचा थोरला भाऊ. जन्मभर खाऱ्या पाण्यात उभं राहून त्याचे पाय फुटले होते, जखमा भरायचं नाव घेत नव्हत्या. काम होईना, तेव्हा आगरावरचं खोपटं सोमवारपर्यंत रिकामं करा, असा शेठचा निरोप आला. भावजय हौसा म्हणाली, भावजी, जाऊन पाया पडा. आनंदा म्हणाला, पाया पडून काय व्हनार, शेठला कसं सांगायचं ते मला ठावं हाय. मग रोज तंबूबाहेर कनातीला कान लावून त्याने भाषण पाठ केलं.

आता हौसा कुंपणाशी उभी होती. शेठाणी ओटीवर येऊन बसल्या. आनंदाने हात जोडले आणि शुद्ध भाषेत, नायकासारखी मान वर करून पुन्हा सुरुवात केली. शेवटाला येईतो शेठचे डोळे भरून आले. अगदी खरं पाणी. ते पाहून आनंदाला धीर आला आणि भाषण संपलं तरी तो थांबला नाही.

"शेठ, बळीरामाला खोपट्यातून काढू नका. त्याचं पाय पार गेलं. आमी कुठं जायाचं?"

शेठनी डोळे पुसले. "हे सिनेमात नव्हतं," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. खोपटं नव्या गड्याला कबूल केलंय, माझाही नाइलाज आहे, असं सांगून त्यांनी आनंदाला चहा द्यायला लावला आणि ते आत गेले.

आनंदा उभ्याउभ्याच चहा प्याला. कप कुठे ठेवावा ते त्याला कळेना. हौसा केव्हाच निघून गेली होती, तिला अजून खोपट्यातली भांडी बाहेर काढायची होती.