निळ्या डबीतलं लग्न

लग्नाची डिस्क बारा वर्षं कपाटात पडून होती, आणि दोष द्यायचाच तर तो सुगतच्या हौसेला द्यावा लागेल. २०१३ साली नांदेडचा शूटिंगवाला साधी डीव्हीडी करून देतो म्हणत होता, तर नवरदेव ऐकेनात. नवी नोकरी, सासुरवाडी शिकलेली. सुगतला जास्त स्वच्छ चित्राची ब्ल्यू-रेच पाहिजे होती. ती निळ्या डबीतून थाटात घरी आली आणि घरातल्या एकाही मशीनवर चालली नाही. आई, नागुबाई, अधूनमधून म्हणायची, "लग्नाची क्यासेट दाव की रे एकदा." तो म्हणायचा, "आई, त्याला येगळी मशीन लागती. आणू." आणू आणू म्हणता म्हणता दोन वर्षांपूर्वी नागुबाई गेली.

मग काचबिंदूनं वडिलांचे, मारोतीदादांचे, डोळे गेले. सुगतनं त्यांना चाकूरजवळच्या गावाहून लातूरला आपल्याकडे आणलं. एका सकाळी चहा पिताना दादा म्हणाले, "फोटू आता माझ्या काय कामाचे? पण तुझ्या हळदीला तिनं गाणं म्हणलं व्हतं. ते तेवढं ऐकू दे मला." नागुबाईचा आवाज दुसरीकडे कुठंच नव्हता. नातीनं, लुंबिनीनं, मोबाईल धरून किती मिनतवाऱ्या केल्या होत्या; आजी तोंडाला पदर लावून हसायची, पण गायची नाही.

म्हणून रविवारी सुगतनं ब्ल्यू-रेचा ड्राइव्ह आणून घरच्या जुन्या कॉम्प्युटरला जोडला. डिस्क आत गेली, कुरकुरली आणि गप्प झाली. त्यानं काढून फडक्यानं पुसली, परत तेच. शेवटी खोक्यावरचं बारीक अक्षर वाचल्यावर कळलं, की ड्राइव्हला एका पिनेतून वीज पुरत नाही, दुसरीही खोचायची होती. ती खोचल्यावर डिस्क फिरू लागली, तर कॉम्प्युटरमधला प्लेअर तिला ओळखच देईना. दुसरा प्लेअर उतरवून घेतला. चित्र आलं, पण अडखळत. पंगतीतले वाढपी हातात बुट्टी धरून जागच्या जागी थिजले. सेटिंगमध्ये इथली खूण काढ, तिथं घाल, असं करता करता पंगत एकदाची हलली. आवाज मात्र नाहीच.

दादा खुर्चीत ताठ बसून होते. दर पाच मिनिटांनी विचारत होते, "लागलं का?"

"लागायलंय, दादा."

सुगतची बायको बुद्धप्रिया दोनदा जेवायला बोलावून गेली. दादा उठले नाहीत, मग सुगतही उठला नाही.

आवाज चालला होता तो मॉनिटरकडे, आणि मॉनिटरला स्पीकरच नव्हता. हे शहाण्याला तीन वाजता सापडलं. त्यानं यादीतून बाहेरचे स्पीकर निवडले आणि हळदीचा भाग लावला. निळा मांडव, बायकांचा घोळका, मधोमध नागुबाई, गाण्यासाठी तोंड उघडलेलं. आणि स्पीकरमधून धाडकन पिक्चरचं गाणं सुरू झालं.

सुगतला एकदम आठवलं. यात शूटिंगवाल्याची काही चूक नव्हती. लग्नानंतर चार दिवसांनी सुगतनंच गावच्या अंगणातून फोन केला होता, "हळदीतलं ते बायकांचं गाणं काढून टाका. पिक्चरचं एखादं लावा." नागुबाईनं स्वतः जुळवलेल्या त्या गाण्यात खडी फोडल्याचं होतं, आणि डिस्क सासरची माणसं बघणार होती. त्याला लाज वाटली होती. खडी फोडून ज्यांनी शिकवलं त्या हातांची लाज, आणि वर तो ते साफ विसरूनही गेला होता.

"हे पिक्चरचं हाय," दादा म्हणाले. "तिचं कुठं हाय?"

सुगतनं आवाज बंद केला. "आवाजात बिघाड दिसायलाय, दादा," तो खोटं बोलला.

"ती दिसायली का?"

"हाव. समोरच हाय."

"तोंड हालायलंय?"

"हालायलंय."

दादांनी घसा खाकरला आणि बसक्या आवाजात स्वतःच म्हणायला लागले:

"रेणापूरच्या वाटंला, खडी फोडली हातानं,
लेक खुर्चीत बसला, भीमरायाच्या पुण्यानं."

सुगत पडद्याकडे बघत होता. आईचे ओठ कधी पुढं जात, कधी मागं राहत. 'पुण्यानं'वर दोघं बरोबर जुळली, आणि त्याला रडू आवरेना.

"रडू नको. बिघाड न्हाई त्यात, मला ठाव हाय," दादा म्हणाले. "तू फोन केलास तवा आमी दोघंबी दारापुढल्या वट्ट्यावर बसलो व्हतो. मला वाटलं, त्या शूटिंगवाल्यानं तरी राहू दिलं आसंल."

"आईनं ऐकलं?"

"ऐकलं की. म्हणली, पोराचं बराबर हाय, मोठ्या लोकांत कशाला आपली खडी." दादांनी तोंड पडद्याकडे वळवलं. "त्याच्यानंतर ती कुठं गायली का, सांग बरं."

सुगतला एकही वेळ आठवली नाही. पडद्यावर आई अजून गातच होती, हनुवटीवरचं गोंदण दिसावं इतकी स्वच्छ.