दहा मिनिटांसाठी ठेवलेले रबर

मित्रांनो, मी एक जुना कुकर आहे आणि मला राग आला आहे. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना हळू आवाजात सांगतात, मधूनमधून उसासा टाकतात, असे मी ऐकून आहे. मला ते जमणार नाही. मला उसासा टाकता येत नाही, मला शिट्टी मारता येते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. ॲल्युमिनियमची एक जाड चकती यंत्राखाली दाबली गेली आणि भांडे होऊन बाहेर आली. मग मला झाकण मिळाले, दोन काळे दांडे मिळाले, डोक्यावर शिट्टी मिळाली. सगळ्यात शेवटी झाकणाच्या कडेला रबराची एक गोल कडी बसवली. ते रबर म्हणजे माझा प्राण. ते घट्ट बसले की वाफ आत कोंडते आणि अन्न झटपट शिजते. ते नसले तर मी दांडे लावलेले एक पातेले आहे, दुसरे काही नाही. एवढे लक्षात ठेवा, कारण माझा सगळा संताप त्या रबरावरून आहे.

ह्या घरातल्या आईने मला दुकानातून आणले तेव्हा तिची नोकरी नवी होती. ती गणवेशांच्या कारखान्यात इस्त्री करते. दिवसभर उभी असते, संध्याकाळी घरी येते तेव्हा तिचे पाय बोलत असतात. तुम्ही म्हणाल, अन्न काय, पातेल्यातही शिजते. शिजते की! पण पातेल्याजवळ उभे राहावे लागते. ढवळा, पाणी बघा, उतू जाते का बघा. माझे तसे नाही. खालच्या डब्यात डाळ, मधल्या डब्यात तांदूळ, वरच्या डब्यात गाजर, फरसबी, भोपळा, जे असेल ते चिरून. झाकण लावले की आई खुर्चीवर बसायची, पाय समोरच्या स्टुलावर ठेवायची आणि डोळे मिटायची. शिट्ट्या झाल्या की उठायची. ताजे, साधे, पोटभर जेवण तयार, आणि बाईला बसायला मिळाले ते वेगळेच.

मुलीला दात आले तेव्हा तिचा पहिला घास माझ्यात शिजला. ती मुलगी आता चौदा वर्षांची आहे. अखंड बोलते म्हणून तिला सगळे टकळी म्हणतात. बाबा शहरातली बस चालवतात. त्यांची बस आमच्या खिडकीखालच्या वळणावरून जायची. वळणावर ते दोनदा हॉर्न वाजवायचे आणि आई घरी असली तर स्वयंपाकघरातून हसायची. बाबा नेहमी म्हणत, "ह्या घरात दोघंच आवाज चढवतात, कुकर आणि तुझी आई. मी आपला दोघांचंही ऐकतो."

असे माझे छान चालले होते. दांडा ढिला झाला की आई स्क्रू पिळायची, शिट्टीत कण अडकला की सुईने काढायची. मग रबर जुने झाले, सैल पडले. झाकणाच्या कडेने वाफ निघू लागली. त्यावर आईजवळ एक उपाय होता आणि तो पुष्कळ घरांत करतात. रबर दहा मिनिटे फ्रीजरमध्ये ठेवायचे. गारठ्याने ते आकसते आणि पुन्हा घट्ट बसते.

त्या सकाळीही तिने तेच केले. डबे भरून माझ्यात ठेवले, रबर काढले, फ्रीजर उघडला, आत ठेवले. मी समोरच्या ओट्यावर होतो. मी हे सगळे बघितले. तेवढ्यात फोन वाजला. बस चालवताना बाबांना चक्कर आली होती. त्यांनी कशीबशी बस कडेला घेतली आणि मग स्टिअरिंगवरच डोके टेकले. आईने पायात चपला सरकवल्या आणि ती धावली. रबर फ्रीजरमध्ये राहिले.

मी तिला त्याबद्दल एक शब्द बोलणार नाही. त्या क्षणी रबर कोणाला आठवेल? माझा राग पुढचा आहे.

बाबांच्या रक्तात साखर फार वाढली होती. रक्तदाबही चढला होता. बस कंपनीच्या डॉक्टरबाईंनी त्यांना गोळ्या दिल्या, चालायला सांगितले, साधे ताजे खायला सांगितले आणि स्टिअरिंगवरून उतरवले. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. साखर खाली आली तर बस परत मिळेल, नाहीतर कायमचे डेपोच्या खिडकीत बसून पास द्यायचे. बाबा घरी आले आणि खिडकीपाशी उभे राहिले. खालच्या वळणावरून त्यांची बस दुसराच कोणी घेऊन गेला. त्याने हॉर्न वाजवला नाही.

साधे आणि ताजे! मित्रांनो, मी ओट्यावर तयार बसलो होतो. माझी गरज ह्या घराला कधी नव्हती एवढी होती, आणि नेमके तेव्हाच मी मुका झालो होतो.

आईने रबर शोधले नाही असे नाही. ओट्यामागे पाहिले, कपाटाखाली पाहिले, कचऱ्याची बादलीसुद्धा उलटी केली.

"अहो, कुकरचं रबर फेकलंत का तुम्ही?"

"मी कशाला फेकू? मला ते कसं दिसतं तेही धड माहीत नाही."

"मग काय पाय फुटले त्याला?"

फ्रीजरचे दार माझ्यापासून दोन हातांवर होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. मूग गिळून गप्प बसावे म्हणतात, पण माझ्या पोटात तर तेव्हा मूगसुद्धा नव्हते.

मग आई झाकण घेऊन दुकानात गेली. दुकानदाराने झाकणाकडे पाहिले न पाहिले. "ह्या मापाचं रबर आता येत नाही," म्हणाला. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला! मागच्या फळीवर हात घालायचे कष्टही त्याने घेतले नाहीत. उलट विचारले, "घरात कोणी आजारी आहे का?" आईने खरे ते सांगितले. त्यावर त्याने तिला फळांचा रस काढायचे यंत्र विकले. आजारी माणसाच्या बायकोला काहीही विकता येते, हे त्याला ठाऊक होते. ह्या गोष्टीचा मला अजून संताप येतो.

यंत्र घरी आले. रोज संध्याकाळी चार-पाच फळे त्यात जायची आणि एक पेला गोड रस बाहेर यायचा. चोथा कचऱ्यात. ज्याची साखर वाढली आहे त्याला ती पेला भरून पाजायची! आणि ते यंत्र धुवायला किती वेळ? त्याची जाळी घासताना आई पुन्हा सिंकपाशी उभीच. नव्याचे नऊ दिवस झाले आणि यंत्र फळीवर चढले.

त्यामागून पाकिटे आली. गोठवलेली जेवणे, सुपाच्या पुड्या, 'आरोग्यदायी' बिस्किटे. पाकिटावर समोर हिरवे पान आणि धावणारा माणूस, मागे मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत मीठ आणि साखर. दोन मिनिटांत गरम करा आणि खा. दमलेल्या माणसाला हे गोड वाटणारच, मी आईला काय दोष देऊ? मी दोष देतो तो ती पाने आणि ती धावणारी माणसे छापणाऱ्यांना. आणि ती पाकिटे कुठे ठेवली जात होती, सांगा? फ्रीजरमध्ये. माझ्या रबरावर. एकावर एक, एकावर एक. वर बर्फ चढत गेला आणि माझा प्राण तळाशी गाडला गेला.

माझे काय झाले तेही ऐका. कोणीतरी माझ्यात चार्जरच्या वायरी टाकल्या. मग संपलेले सेल, मग न चालणारी बॅटरी, मग कुठल्या तरी बरणीचे झाकण. ज्या पोटात ह्या घराचा घास शिजला त्यात वायरींचे भेंडोळे! तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे काय, ते मला विचारा.

बाबा डेपोत दुपारपर्यंत पास द्यायचे, घरी यायचे आणि पाकीट गरम करून उभ्या उभ्या खायचे. मधल्या काळात एकदा रक्त तपासले. साखर जराशी उतरली होती, पण बस मिळण्याइतकी नाही. त्या रात्री ते टकळीला म्हणाले, "पास देणंही वाईट नाही गं. सावलीत बसायचं काम आहे." टकळीने त्यांच्यापुढचे रिकामे पाकीट उचलले आणि चुरगाळून कचऱ्यात टाकले.

तपासणीला महिना उरला असताना एका दुपारी वीज गेली. बराच वेळ आली नाही. फ्रीजरमधला बर्फ वितळला आणि पाणी स्वयंपाकघरभर झाले. आई कामावर होती. बाबांनी पँट वर दुमडली, टकळीने बादली आणली, आणि दोघे फ्रीजर रिकामा करायला लागले. सगळ्यात खाली बर्फाची एक लादी होती. बाबांनी ती लाकडी उलथण्याने उचकटली. तिच्यात काहीतरी काळे, गोल होते. त्याला हिरवा वाटाणा चिकटला होता.

"हे काय गं?"

"बाबा! हे कुकरचं रबर आहे! आई म्हणाली होती तुम्ही फेकलंत."

"बघ. आणि मी दोन महिने ऐकून घेतलं."

टकळीने रबर कोमट पाण्यात ठेवले. बाबांनी माझ्यातल्या वायरी काढल्या. प्रत्येक वायर काढताना ते माझ्याकडे पाहत होते, निदान मला तसे वाटले. त्यांनी मला घासले. कसे घासले विचारू नका, पण घासले. ह्या माणसाने आयुष्यात कुकर लावला नव्हता.

"पाणी किती घालायचं?"

"आई बोटाच्या पेराने मोजते."

"कोणाचं बोट? माझं की तिचं?"

टकळी हसत सुटली. अखेर तिने स्वतःच्याच बोटाने मोजले. खाली डाळ, मध्ये तांदूळ, वर भोपळा आणि पालेभाजी. रबर बसले. झाकण फिरले. घरात तोवर वीज आली नव्हती, पण गॅस होता आणि मी होतो.

वाफ भरू लागली तेव्हा मला भीती वाटली, ते कबूल करतो. इतके दिवस बर्फात पडलेले रबर धरेल का? कडेने एक बारीक फुसफुस झाली, थांबली. मग शिट्टी वर उचलली गेली.

आई तेव्हा जिन्यात होती. टकळीने नंतर सांगितले की ती मधल्या मजल्यावरच थांबली होती. जिन्याला लागून कितीतरी घरे आहेत, कितीतरी कुकर आहेत. पण माझा आवाज ती ओळखते. ती दारात आली तेव्हा तिची पिशवी अजून खांद्यावरच होती.

"हे... रबर कुठे मिळालं?"

"फ्रीजरच्या तळाशी," बाबा म्हणाले. "मी फेकलं होतं ना तिथे."

आई हसली नाही. ती खाली बसली, त्या ओल्या फरशीवर. "दहा मिनिटांसाठी ठेवलं होतं मी ते," म्हणाली. "तुमचा फोन आला त्या दिवशी. दहा मिनिटांसाठी ठेवलं होतं." मग ती रडली. बाबा तिच्याशेजारी बसले, पँट भिजली तरी बसले. त्या दिवशी पहिल्यांदा तिला कोणी ताट वाढून दिले.

त्यानंतर रोज बाबाच मला लावू लागले. दुपारी घरी येत, डबे भरत, झाकण लावत आणि तेवढ्यात अंघोळ करून घेत. "बस चालवण्यापेक्षा सोपं आहे," असे त्यांनी टकळीला सांगितले. "फक्त शिट्टी झाली की गाडी सोडायची नाही, बंद करायची." आणि रबराचे ऐका! ते जुने होते म्हणून बाबा पलीकडच्या गल्लीतल्या दुसऱ्या दुकानात गेले. तिथल्या बाईंनी फळीवरून पाकीट काढले आणि माझ्या मापाची दोन नवी रबरे हातावर ठेवली. येत नाही म्हणे!

तपासणी झाली. सगळे श्रेय मी घेत नाही. गोळ्या होत्या, रोजचे चालणे होते. पण डॉक्टरबाईंनी कागद पाहून विचारले, "ह्या महिन्यात वेगळं काय केलंत?" तेव्हा बाबा म्हणाले, "कुकर लावला." हे मला बाबांनीच घरी येऊन ऐकवले, म्हणजे आईला ऐकवले, पण उभे माझ्याजवळ होते.

पुढच्या आठवड्यातली गोष्ट. आईला सुट्टी होती. मी गॅसवर होतो, पोटात वाफ चढत होती. खालच्या वळणावर बसचा आवाज आला. आई हातातला चमचा तसाच धरून थांबली.

हॉर्न वाजला. दोनदा.

आईने खिडकीकडे पाहिले नाही, माझ्याकडे पाहिले. "ऐकलंस?" म्हणाली. इतक्या वर्षांत ह्या घरात मला कोणी काही विचारले नव्हते. मी माझ्या परीने उत्तर दिले, आणि ते खालच्या वळणापर्यंत गेले असणार.

माझा राग गेला का? नाही. तो त्या दुकानदारावर आहे, त्या हिरव्या पानांवर आहे, आणि थोडा तुमच्यावरही आहे, मित्रांनो. कारण तुमच्याही घरी असा कोणी असेल, पोटात वायरी घेऊन मुका बसलेला. त्याला काही फार लागत नाही. आज घरी जा आणि फ्रीजरचा तळ बघा. रबर सापडले तर आईला हाक मारू नका, ती दमलेली असते. तुम्हीच ते धुवा आणि झाकणाला बसवा. त्या झाकणाला कधीपासून काहीतरी सांगायचे आहे.