वादळ्याचा आवाज

माझ्या नवऱ्याला वादळ्याची भूमिका मिळाली तेव्हा सगळं घर हरखून गेलं. आकाशात झेपावणारा, कोसळत्या इमारती खांद्यावर तोलणारा वादळ्या! आमच्या पिढीला त्याचे सिनेमे तोंडपाठ. आता त्याच्या तरुणपणाचा सिनेमा निघत होता. चेहरा नवा चालेल, पण आवाज तोच हवा, असं निर्मात्यांनी बजावलं होतं. तोच घोगरा, तळापासून खरवडून काढलेला आवाज. विशीतला पोरगा असा का बोलेल, हे विचारायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

आवाज पास करायचा हक्क जुन्या वादळ्याला, म्हणजे आधीच्या सिनेमांतल्या नटाला, दिला होता. स्टुडिओत तो नवऱ्याकडे पाठ करून बसायचा, डोळे मिटून ऐकायचा आणि मानेनंच नकार द्यायचा. तोंडातून चकार शब्द नाही. काचेपलीकडून हे बघताना माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. भूमिका गेली तरी म्हाताऱ्याची ऐट जात नाही, असं मी दिग्दर्शकाला ऐकवलंसुद्धा. त्यानं ते हसण्यावारी नेलं, पण निघताना हळूच सांगितलं की लवकर जमलं नाही तर दुसरा मुलगा तयारच आहे.

मग वादळ्या आमच्या घरातच राहायला आला. जेवताना, फोनवर, शेजाऱ्यांशी, नवरा त्याच आवाजात बोलायला लागला. लेक आधी खिदळायची. पुढे पुढे बाबानं तोंड उघडलं की माझ्यामागे येऊन उभी राहायची. एकदा त्याच्या रुमालावर लाल डाग दिसला. बीट खाल्लं होतं, म्हणाला. आमच्या घरात बीटाला कुणी हात लावत नाही. मला भीती वाटली, पण भूमिका हातची जाईल म्हणून मी गप्प बसले.

काल पुन्हा नकार आला. मी तडक जुन्या वादळ्याच्या घरी फोन लावला. त्याच्या बायकोनं उचलला. तुमचे दिवस सरले, आता दुसऱ्याच्या पोटावर कशाला पाय देता, असं मनात येईल ते बोलले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"जळत नाहीत गं ते," त्या म्हणाल्या. "तुझ्या नवऱ्याला पहिल्याच दिवशी हुबेहूब जमलं होतं. घरी आल्या आल्या यांनी मला लिहून दाखवलं."

लिहून का, असं मी विचारलं.

"बोलता येत नाही त्यांना. तो आवाज काढून काढून गळा गेला. हे बाहेर कळू द्यायचं नाही म्हणून निर्मात्यांनी सही घेतलीय. नकार देत राहिलं तर पोरगा कंटाळून सोडून देईल, असं त्यांना वाटलं." मग त्या म्हणाल्या, "त्याचा मूळचा आवाज रेकॉर्ड करून ठेव. माझ्याकडे यांचा नाही."

मी फोन ठेवला. नवरा आरशासमोर सराव करत होता. मी त्याला सगळं सांगितलं, मोबाईल पुढे धरला आणि लेकीला नेहमीसारखी हाक मार म्हटलं.

त्यानं घसा खाकरून हाक मारली. घोगरी. पुन्हा खाकरला, पाणी प्यायला, पुन्हा मारली. तोच आवाज. आतल्या खोलीतून लेक काही आली नाही. मला रडू आवरेना.

तो मात्र आरशात स्वतःकडे बघत हसत होता.

"म्हणजे पहिल्याच दिवशी जमलं होतं मला," वादळ्या म्हणाला.