सुपारीचा हत्ती

साईनाथने पेटी सतरंजीवर उपडी केली आणि सोंगट्या बोटाने दोन बाजूंना सारल्या. पांढऱ्या पुऱ्या भरल्या. काळ्यांत एक हत्ती कमी होता.

"सोफ्याखाली गेला असेल," सलिल म्हणाला आणि खरोखरच वाकून बघू लागला.

"राहू दे रे. घरी जुना पट आहे, त्यातला चालवीन."

हरिहरचं चौदावं नुकतंच झालं होतं. पट साईनाथलाच द्यायचा, असं सुमेधावहिनींनी ठरवलं होतं. डोंबिवलीच्या या घरात खेळणारं आता कोण होतं? सलिल कोलशेतहून येणार, तोही लॅपटॉप काखेत मारून. साईनाथ मानपाड्याहून रिक्षाने आला होता. पट उचलायचा आणि निघायचं, एवढंच त्याच्या मनात होतं.

"काका, बाबा गेले त्या दिवशी डाव कुठवर आला होता?"

नेमका हाच प्रश्न साईनाथला नको होता.

त्याचं आणि हरिहरचं भांडण कंपनीच्या कॅन्टीनपासूनचं. साईनाथ म्हणे, पहिली चाल पांढऱ्याची, तेव्हा नीट खेळलं तर पांढराच जिंकणार. हरिहर म्हणे, दोघंही न चुकता खेळले तर बरोबरीच व्हायची. जो जिंकतो तो समोरच्याच्या चुकीवर. या वादापायी साईनाथ कायम पांढऱ्या सोंगट्या घेई आणि हरिहर काळ्या. दोघंही पेन्शनीत निघाले, केस गेले, पण वाद काही मिटला नाही.

साईनाथने नाइलाजाने पट मांडला. पाचच सोंगट्या. त्याचा राजा, वजीर आणि एक प्यादं; हरिहरचा राजा आणि हत्ती.

"एक हत्ती मी आधीच मारला होता, तो परत कसा मांडू? उरला होता तोच नाही," तो म्हणाला.

वहिनींनी डब्यातून एक सुपारी काढून दिली. "पूजेत नाही का, जो हजर नसेल त्याच्या जागी सुपारी मांडतात," त्या बोलून गेल्या.

"चाल हरीची," साईनाथ म्हणाला. "त्याचा राजा इथे कोपऱ्यात. हलायला एक घर नव्हतं. पुढच्या चालीला माझी मात."

सलिलने मोबाईलमध्ये तसाच पट मांडला. "अख्ख्या बुद्धिबळाचा निकाल अजून कोणी सिद्ध केलेला नाही, काका. पण एवढ्या कमी सोंगट्या असल्या की मशीनला सगळं माहीत असतं. अंदाज नाही, पक्का निकाल."

"मग सांग की, पांढरा जिंकला."

सलिल मोबाईलकडे बघतच राहिला.

"बरोबरी दाखवतंय."

"येडं झालंय ते. परत टाक."

सलिलने सुपारी उचलली आणि थेट पांढऱ्या राजाला खेटून ठेवली. "शह. घ्या."

साईनाथने हावरटासारखी सुपारी मारली.

"आता काळ्याने काय चालायचं?"

साईनाथने पाहिलं. काळ्याला शह नव्हता, आणि हलवायला काही उरलंही नव्हतं. अशा वेळी डाव बरोबरीत सुटतो, हे कॅन्टीनमध्ये त्यानेच हरिहरला शिकवलं होतं.

"आणि नाही मारली तर?"

त्याने सुपारी परत ठेवली आणि राजा बाजूला घेतला. सुपारी पुन्हा शेजारी येऊन बसली. तो इकडे पळाला, तिकडे पळाला. ती काही पाठ सोडेना.

"मी त्याला म्हटलेलं, संपलास हरी," तो एकदम बोलला. "त्याने पटाकडे हात नेला आणि तसाच पटावर कोसळला. वहिनी, माझं तेच शेवटचं बोलणं. आणि तो संपलाच नव्हता!"

वहिनी उठल्या. देवघरातून काहीतरी घेऊन आल्या आणि त्यांनी तळहात उघडला. काळा हत्ती.

"हॉस्पिटलात नर्सने यांची मूठ सोडवली, तेव्हा हा निघाला. मला यातलं काय कळतंय? पण पेटीत टाकवेना."

साईनाथ हादरला. हात लावलेली सोंगटी चालायचीच, या नियमावरून दोघं कैकदा हमरीतुमरीवर आले होते.

"म्हणजे यांना ती चाल दिसली होती?" वहिनींनी विचारलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा उजळला होता.

"आई, पण तसंही काळ्याकडे हत्ती सोडून हलवायला दुसरं काही—"

"सलिल."

साईनाथचा आवाज चढला नव्हता, तरी सलिल थांबला. त्याने पट पाहिला, मग काकांकडे पाहिलं आणि मोबाईल खिशात टाकला.

"दिसली होती, वहिनी," साईनाथ म्हणाला. त्याने सुपारी बाजूला केली आणि हत्ती आपल्या राजाशेजारी ठेवला.

"मग आता काय करायचं असतं?"

"बरोबरी झाली की हात मिळवायचा."

सुमेधावहिनी त्याच्यासमोर, हरिहरच्या जागी येऊन बसल्या. त्यांनी पदराला हात पुसला आणि पटावरून पुढे केला.