हिरवळीतली रानशेवंती

“उगवलीस का गं पुन्हा, भवाने! आणि तीही मुकादमासारखी मधोमध!”

मित्रांनो, खुरपं माझ्या मानेशी टेकवून माळीकाका रोज सकाळी अशी कुरकुर करतात. मी एक रानशेवंती आहे. जुनी म्हणवत नाही, वय अवघं सात आठवडे. घराणं मात्र जुनं. हा दवाखाना नव्हता, समोरचा रस्ता नव्हता, तेव्हापासूनचा हा माळ आमचा. बागेतली शेवंती आणि शेतातलं सूर्यफूल आमच्याच भावकीतली; पण त्यांना आळं लागतं, पाणी लागतं, कौतुक लागतं. मला एक सर पुरते.

ती सर यायला चार वर्षं लागली. तोवर मी मातीत बी होऊन पडले होते. माझ्या डोक्यावर या दवाखान्यातल्यांनी विकतची हिरवळ अंथरली. झारीचं पाणी यायचं, पण तसल्या शिंतोड्यांना भुलायला मी काल जन्मलेली नाही! खरी सर आली, तेव्हाच डोकं वर काढलं.

आमच्या घरची रीत ऐका. सगळ्या बहिणी एकाच वर्षी बाहेर पडत नाहीत. निम्म्या खाली दबा धरून बसतात. वरचीला उपटलं, तरी घराणं बुडत नाही. म्हणून खुरप्याला मी भीत नाही. फक्त माझं बी पिकायला चार दिवस हवे होते, आणि मोठे साहेब दवाखान्याच्या तपासणीला परवाच येणार होते; त्याआधी तण निघायलाच हवं होतं.

डॉक्टरीणबाई पायरीवर आल्या. “काका, हे तण काढा तेवढं. हिरवळ जरा पिवळट दिसतेय, नाही?”

जरा! शेजारी मी राहते, मला विचारा. पापडासारखी मोडते ती.

“ऊन लागलंय तिला,” नर्सताई म्हणाल्या.

“ऊनच ते,” रांगेतल्या आजींनी री ओढली. आजींच्या पिशवीत घरून आणलेली पाण्याची बाटली होती, कारण दवाखान्याचा नळ कोरडा आणि टँकरचं पाणी हिरवळीला. सगळ्यांना सगळं ठाऊक. पण काकांच्या निवृत्तीला एक वर्ष उरलेलं. हिरवळच नाही, तर माळी कशाला? म्हणून सगळ्यांच्या तोंडाला कुलूप.

काकांनी मला मुठीत धरून ओढलं. मी मुळं रोवून उभी.

मित्रांनो, माझी कीव करू नका. मला पाणीही घालू नका. बी पिकेपर्यंत हात तेवढा आवरा. आणि ज्याला पाणी घालता, ते जिवंत आहे का, एकदा वाकून बघा.

काका वाकलेलेच होते. माझ्यावरची मधमाशी उडून त्यांच्या बोटावर बसली. ते तिच्याकडे बघत राहिले, मग भोवतालच्या हिरवळीकडे. मूठ सुटली. खुरपं खाली ठेवून त्यांनी हिरवळीसाठी भरून आणलेली पाण्याची बादली उचलली आणि रांगेपाशी, आजींच्या पुढ्यात नेऊन ठेवली.

“बाई,” ते म्हणाले, “हिरवळ मेली. तीन वर्षं मी मढ्याला पाणी घालतोय.”